व्हेनिसचा कार्निव्हल: सकाळ चुकवू नका

फेब्रुवारीत दोघं व्हेनिसच्या कार्निव्हलला जाणार असाल, तर सकाळी साडेसातलाच सान मार्को चौक गाठा. तेव्हा मुखवटे घालून सजून आलेली मंडळी निवांत असतात, फोटोसाठी आपणहून उभे राहतात. दुपारी नुसती रेटारेटी. मग गर्दीकडे पाठ करून झात्तेरेच्या धक्क्यावर चालत सुटा. रस्ता चुकलात तरी भिंतींवरच्या पिवळ्या पाट्या रिआल्तो पुलाशी किंवा सान मार्कोला आणून सोडतात. कॉफी काउंटरशी उभ्यानंच प्या. टेबलाशी बसलात की बिल फुगतं. सोबत फ्रित्तेल्ले हवंच: बेदाणे घालून तळलेलं, साखरेत घोळवलेलं, आपल्या गुलगुल्यांचं भावंडच. आम्ही शहाणपणानं दोघांत एक घेतलं आणि लगेच पुन्हा रांगेत! भरतीचं पाणी कधीकधी चौकात शिरतं, तेव्हा बूट वॉटरप्रूफ घ्या.