एनसीसी, बीएस्सी आणि घर: कॅम्पच्या पत्रात जे लिहिलेलं नसतं

एफवायचे प्रवेश झाले की नोटीस बोर्डावर एनसीसी भरतीची सूचना लागते. उंची, धावणं, थोडी लेखी, थोडी तोंडी, हे तुम्हाला कुणीही सांगेल, त्यात मी वेळ घालवत नाही. मी केमिस्ट्रीची. तालुक्याच्या गावातलं कॉलेज, एसटीच्या पासवर रोजची ये-जा. तीन वर्षं एसडब्ल्यू (सीनियर विंग, कॉलेजच्या मुलींचा विभाग) कॅडेट होते, एनसीसीच्या शेवटच्या परीक्षेचं सी सर्टिफिकेट घरात आहे. तरी कुणी 'एनसीसीने अभ्यासावर काही परिणाम होत नाही' म्हणालं की अजूनही माझं डोकं उठतं. होतो परिणाम. सांभाळता येतो, पण आपोआप सांभाळला जात नाही.

आधी एक गैरसमज. एनसीसीत गेलं म्हणजे सैन्यात गेलं असं गावाकडे सर्रास समजतात. माझ्या आजीने तर सगळ्या आळीत सांगून टाकलं होतं. १९४८ च्या एनसीसी कायद्यातच आहे की कॅडेटवर लष्करी सेवेचं बंधन नाही. उद्या युद्ध झालं तरी तुम्हाला कुणी बोलावणार नाही. नोकरी सांभाळून खरोखर गणवेशातली जबाबदारी घ्यायची असेल तर टेरिटोरियल आर्मी आहे, १९४९ पासून. तिथे अधिकारी व्हायचं तर पदवी आणि स्वतःची कमाई लागते, म्हणजे तो विषय पदवीनंतरचा. कॉलेजात असताना आपल्यासाठी एनसीसीच.

आता मुद्द्याचं. दोन्हीकडे ७५ टक्के. बी (सीच्या आधीची) आणि सी परीक्षेला बसायला परेडची हजेरी ७५ टक्के लागते, आणि विद्यापीठाच्या परीक्षेला बसायला वर्गातली ७५ टक्के. शिवाय बीसाठी एक वार्षिक कॅम्प, सीसाठी दोन. एक कॅम्प दहा दिवसांचा. कागदावर हे सोपं दिसतं, कारण कॅम्पला गेलात की युनिटचं, म्हणजे आपल्या एनसीसी बटालियनचं, पत्र येतं, प्राचार्य सही करतात आणि ते दिवस हजर धरले जातात. एएनओ सर (कॉलेजात एनसीसी बघणारे प्राध्यापक) हेच सांगतात, आणि ते खोटं बोलत नसतात.

फक्त ते पत्र हजेरीपुरतं असतं. गुणांबद्दल त्यात एक ओळही नसते.

मी इथे जरा जास्तच खोलात जाणार आहे. आमच्या वेळी एका पेपरला इंटर्नलचे १५ आणि विद्यापीठाचे ३५, आणि दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागायचं. तुमचा पॅटर्न आता बदलला असेल, पण इंटर्नल नावाचं प्रकरण कुठे ना कुठे असणारच. एसवायला मी कॅम्पला असताना फिजिकल केमिस्ट्रीची टेस्ट झाली. पत्र युनिटकडून प्राचार्यांकडे गेलं, तिथून ऑफिसात, ऑफिसने आवक नंबर टाकून फाइलला लावलं. डिपार्टमेंटपर्यंत ते पोचलंच नाही, कारण पोचवायचं कुणाचंच काम नव्हतं. हजेरीपटावर ते दिवस व्यवस्थित भरलेले आणि इंटर्नलच्या शीटवर माझ्या नावापुढे 'एबी', म्हणजे गैरहजर. रिटेस्ट मागायला गेले तर उत्तर मिळालं की अर्ज टेस्टच्या आधी यायला हवा होता. आधी म्हणजे मी परेड ग्राउंडवर चिखलात 'दाहिने मुड' करत होते तेव्हा. थिअरीत बरे गुण पडूनही तो विषय एटीकेटीत गेला, आणि टीवायला त्याची परीक्षा पुन्हा दिली. माझ्याबरोबरच्या आर्ट्सच्या मुलींना असलं काही झालं नाही. त्यांच्या सरांनी असाइनमेंट उशिरा घेतल्या आणि विषय मिटला. सायन्सवाल्यांनो, आपल्याला प्रॅक्टिकल असतात. प्रॅक्टिकल उशिरा 'जमा' करता येत नाही.

म्हणून असं करा. पत्र निघाल्या निघाल्या त्याच्या तीन झेरॉक्स काढा. एक विभागप्रमुखांना, एक प्रॅक्टिकल बॅचच्या मॅडमना, एक स्वतःकडे. नुसती देऊ नका, सोबत आपल्या हाताने लिहिलेला अर्ज जोडा: अमुक तारखा, या काळात येणाऱ्या टेस्ट, चुकणारी प्रॅक्टिकल्स, परत आल्यावर ती दुसऱ्या बॅचबरोबर करू द्यावीत ही विनंती. आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या, सही आणि तारखेसकट. तारीख कॅम्पच्या आधीची पाहिजे. सर म्हणतील, 'अगं पोच कशाला, मला लक्षात राहील.' हसून म्हणायचं, 'सर, ऑफिसला दाखवायची आहे,' आणि सही होईपर्यंत दारातून हलायचं नाही. परत आल्या दिवशी कॅम्प सर्टिफिकेटची झेरॉक्स त्याच अर्जाला टाचून पुन्हा द्यायची.

लॅब असिस्टंट काकांना विसरू नका. कुठल्या बॅचला कधी टायट्रेशन आहे आणि कुठल्या दिवशी एखादं टेबल रिकामं राहतं, हे डिपार्टमेंटमध्ये फक्त त्यांना ठाऊक असतं. मला त्यांनी संध्याकाळी थांबून दोन प्रयोग करू दिले. जर्नलवर सही मात्र मॅडमचीच लागते, आणि सर्टिफाइड जर्नलशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला उभं करत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

घाबरलात का? घाबरू नका. एवढं एक सांभाळलं तर दहा दिवसांचा कॅम्प अभ्यासाला फारसा जड जात नाही. उलट पहाटेच्या फॉलिनची (रांगेत हजर होण्याची) सवय लागल्यावर परीक्षेच्या दिवसांत साडेचारला उठणं मला कधी कठीण गेलं नाही.

आरडीसीचं (रिपब्लिक डे कॅम्पचं) गणित मात्र वेगळं. दिल्लीचा प्रजासत्ताक दिनाचा कॅम्प जवळपास महिन्याभराचा, सगळा जानेवारी. पण खरा वेळ त्याच्या आधी जातो. आधी बटालियनची निवड, मग ग्रुपची (अनेक बटालियन मिळून एक ग्रुप), मग ग्रुपाग्रुपांतली स्पर्धा, मग राज्याच्या एनसीसी संचालनालयाचे प्री-आरडीसी. हे एकामागून एक कॅम्प पावसाळा संपता संपता सुरू होतात आणि थेट डिसेंबरपर्यंत चालतात. म्हणजे बरोब्बर सेमिस्टर परीक्षेच्या छातीवर. महाराष्ट्राचा दबदबा मोठा, आरडीसीत पहिल्या येणाऱ्या संचालनालयाला मिळणारा पंतप्रधानांचा ध्वज अनेकदा आपल्याकडे आला आहे, त्यामुळे निवडीची चुरसही तेवढीच. शेवटच्या टप्प्यावर नाव कटलं तर दिल्लीही नाही आणि सेमिस्टरही गेलं, अशा मुली मी पाहिल्या आहेत. आणि दिल्लीहून आल्यावर महिन्यात मागचं सगळं भरून काढलेली एक मैत्रीणही पाहिली आहे. तिने निवडीच्या पहिल्याच टप्प्यावर विभागप्रमुखांना घरच्यांसह भेटून सगळं ठरवून घेतलं होतं. जायचंच असेल तर तसं जा. नुसतं 'बघू पुढे' म्हणून जाऊ नका.

सीनियर्सबद्दल माझं मत फार चांगलं नाही. सगळ्या नाही, पण दर बॅचला एखादा एसयूओ (सीनियर अंडर ऑफिसर, कॅडेटांतला सगळ्यात वरचा) असतोच, 'सी सर्टिफिकेट आलं की मार्कांना कोण विचारतं' म्हणणारा. विचारतात. सैन्यात अधिकारी होण्याच्या एनसीसी स्पेशल एंट्रीला सीडीएसची लेखी परीक्षा नसते, थेट एसएसबी, म्हणजे निवड मंडळाची मुलाखत, हे त्याने तुम्हाला छाती फुगवून सांगितलेलं असेल. त्याच जाहिरातीत पदवीला किमान ५० टक्के आणि सी सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड अशी अट आहे, आणि शेवटच्या वर्षाला असताना अर्ज करायचा तर आधीच्या वर्षांचे मिळून ५० टक्के लागतात. वय १९ ते २५. म्हणजे एसवायचा लटकलेला विषय तुमच्या ऑफिसर होण्याच्या आड येऊ शकतो, हे त्या एसयूओच्या गावीही नसतं. गल्लोगल्ली निघालेल्या भरती अकॅडम्याही हे सांगत नाहीत, त्यांना फी मिळाली की झालं. या बाबतीत मला सगळ्यात खरी माहिती दिली ती आमच्या पीआय स्टाफमधल्या (सैन्यातून शिकवायला आलेल्यांमधल्या) एका हवालदार उस्तादांनी. नियम वाचून दाखवायचे, वर म्हणायचे, 'पहले पढ़ाई, फिर परेड.' परेडला उशीर झाला की मात्र तेच ग्राउंडला फेऱ्या मारायला लावायचे.

घरचं. मुलींना हे जास्त लागतं. परेडच्या दिवशी पहिली एसटी पकडायची म्हणजे आईला त्याआधी उठून डबा. आदल्या रात्री गणवेशाला इस्त्री, बुटांना पॉलिश, बेल्टच्या पितळेला ब्रासो. माझी बेरेट (गणवेशाची टोपी) नवी होती तेव्हा टोपलीसारखी उभी राहायची. गरम पाण्यात भिजवून, गुडघ्यावर ताणून, लाल हॅकल (पिसांचा तुरा) डाव्या डोळ्यावर येईल अशी बसवायला एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि त्याच संध्याकाळी दळण आणायचं राहून गेलं म्हणून ऐकून घेतलं. म्हणून ही कामं रविवारी दुपारी एकदम उरका. दाट केसांच्या मुलींनी अंबाडा आणि जाळी घरीच बांधायला शिका, ग्राउंडवर आरसा नसतो.

कॅम्पला पाठवायला वडील तयार नव्हते. मी वाद घातला नाही, एएनओ मॅडमचा नंबर दिला. मुलींची राहण्याची सोय वेगळी असते आणि सोबत लेडी स्टाफ असतो, हे मॅडमच्या तोंडून ऐकल्यावर घरातलं वातावरण बदललं. पाळीचे दिवस असतील तर जीसीआय मॅडमना (मुलींच्या प्रशिक्षिकेला) सरळ सांगा. लाजून उन्हात उभ्या राहिलेल्या मुली चक्कर येऊन पडतात आणि मग सगळ्या कॅम्पला कळतं.

२०२१ पासून यूजीसीने एनसीसी हा क्रेडिटचा वैकल्पिक विषय म्हणून द्यायला सांगितलं आहे. तुमच्या कॉलेजने तो घेतला असेल तर नशीबवान आहात, निदान परेडचे तास टाइमटेबलात येतील. घेतला नसेल तर बी आणि सीच्या परीक्षा बहुधा फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येतात हे धरून दुसऱ्या सेमिस्टरचा अभ्यास जानेवारीतच अर्धा ओढा. ड्रिल आणि वेपन ट्रेनिंग ग्राउंडवरच होऊन जातं. नकाशा वाचन मात्र पाठांतराने जमत नाही, त्याला होकायंत्र हातात घेऊनच बसावं लागतं.

भरतीच्या दिवशी आधार, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, फोटो हे सगळे आणतात. बँकेचं पासबुकही न्या, तेही स्वतःच्या नावाचं. गणवेशाचे पैसे आता थेट खात्यात येतात, आणि वडिलांच्या खात्याचा नंबर दिलेल्या मुली महिनोन्महिने ऑफिसच्या खिडकीवर उभ्या असतात.