रंगांचे प्रयोग वर्गात कुठे फसतात? या चुका टाळा

सगळ्यात मोठा घोळ एकच. डोळ्यांना काय दिसतं आणि त्याला आपण काय नाव देतो, या दोन गोष्टी एकाच प्रश्नात विचारल्या जातात. एकाच पट्टीला कुणी हिरवी म्हटलं आणि कुणी निळी, म्हणून दोघांना ती वेगळी दिसते असं ठरत नाही. दिसण्याबद्दल विचारायचं असेल तर नाव काढूच नका. दोन सारख्या पट्ट्यांत एक किंचित निराळी ठेवा आणि वेगळी कोणती, तेवढंच बोटाने दाखवायला सांगा.

नावं गोळा करताना उत्तरं तोंडी घेऊ नका. पहिल्या बाकावरून 'मोरपंखी' असा आवाज आला की अर्ध्या वर्गाला मोरपंखीच आठवतो. आधी प्रत्येकाने वहीत लिहावं, मग बोलावं. पर्यायांची यादी फळ्यावर लिहिली तर तोच परिणाम होतो. पट्ट्यांचा क्रमही गटागटाला बदला, कारण गडद निळ्यानंतर आलेली पट्टी एरवीपेक्षा हिरवट वाटू शकते.

पट्ट्या कागदाच्याच हव्यात. ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या संशोधकांनी 1969 साली निरनिराळ्या भाषांतली रंगनामं ताडून पाहिली, ती मन्सेल या प्रमाणित रंगमालिकेतल्या ठरावीक पट्ट्या वापरून. प्रोजेक्टरवरचा रंग यंत्रागणिक बदलतो आणि खिडकीतल्या उन्हाने फिका पडतो.

"सर, मला काहीच दिसत नाही." पश्चात्-प्रतिमेच्या, म्हणजे एका रंगाकडे टक लावून पाहिल्यावर नजर हटवली तरी दिसत राहणाऱ्या प्रतिमेच्या, प्रयोगात हे हमखास ऐकू येतं. बहुतेक वेळा नजर फिरलेली असते. लाल चौकोनाच्या मधोमध काळा ठिपका द्या, वीस-तीस सेकंद त्यावरच नजर ठेवायला सांगा, मग पांढरा कागद बघू द्या. 'आता हिरवा दिसेल' असं मात्र आधी सांगू नका. एक तर उत्तर फुटतं, आणि तो रंग बहुधा निळसर हिरवा असतो.

स्ट्रूपच्या प्रयोगात (1935) रंगाचं नाव दुसऱ्याच रंगाच्या शाईत लिहिलेलं असतं आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो. त्यात नुसत्या रंगीत ठिपक्यांचे रंग सांगायला लागणारी वेळही घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि शब्द मुलांना सफाईने वाचता येतील अशाच भाषेत व लिपीत हवेत. अडखळत वाचणाऱ्याला शब्दाचा अडथळा कमी होतो आणि प्रयोग फसल्यासारखा वाटतो.

निष्कर्ष काढताना 'ज्या भाषेत निळ्याला शब्द नाही त्या लोकांना निळा दिसतच नाही' हे वाक्य टाळा. ऐकायला ते भारी वाटतं, पण चूक आहे. रशियन भाषेत फिक्या आणि गडद निळ्याला दोन वेगळे शब्द आहेत. 2007 च्या अभ्यासात या सीमेच्या दोन बाजूंच्या छटा रशियन भाषकांनी अधिक झटकन ओळखल्या; इंग्रजी भाषकांना तसा फायदा दिसला नाही. फरक होता तो वेगाचा, तोही सेकंदाच्या अंशांत. छटा दोघांनाही वेगळ्या दिसत होत्या.

एखाद्या मुलाची उत्तरं लाल-हिरव्यात सतत चुकत असतील तर त्याला वर्गासमोर पुन्हा पुन्हा विचारू नका. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे 8 टक्के जणांना, स्त्रियांत मात्र जेमतेम अर्धा टक्का जणींना लाल-हिरव्याची अडचण असते. पालकांशी एकांतात बोला. निदान डोळ्यांचे डॉक्टर करतील.