ओ-यू-जी-एचवाले शब्द : या चुका टाळा

इंग्रजी शब्दात ओ, यू, जी, एच ही चार अक्षरं ओळीने आली की नवशिके दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर असे सगळे शब्द एका यादीत लिहून घोकत बसतात, नाहीतर 'मॅडम, याचा नियम काय?' असं विचारतात. उच्चाराचा एकच नियम नाही. आणि यादी तर नुकसानच करते. वह्या तपासताना तेच ते पुन्हा दिसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

टफ, कॉफ, थ्रू, दो, प्लाउ, थॉट. या सहाही शब्दांत ती चार अक्षरं आहेत आणि सहांचे उच्चार सहा तऱ्हेचे आहेत. यामागे इतिहास आहे. जी-एच ही जोडी पूर्वी घशातून घासत येणाऱ्या 'ख'सारख्या आवाजासाठी लिहीत. जर्मन भाषेत तसा आवाज अजून आहे. इंग्रजीत तो हळूहळू गेला. काही शब्दांत त्याचा 'फ' झाला, काहींत तो पार मुका झाला, आणि आधीचे स्वरही आपापल्या वाटेने बदलले. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला आणि पुढे छपाईमुळे स्पेलिंगं गोठत गेली. उच्चार मात्र बदलतच राहिले. म्हणजे नुसती अक्षरं बघून उच्चार सांगता येणार नाही, हे एकदा मान्य करा आणि पुढे चला.

मी हे शब्द आवाजाने लावते. प्रत्येक आवाजाला वहीचं वेगळं पान, आणि वर त्याच यमकाचा एक सोपा शब्द. टफ, रफ, इनफ हे 'स्टफ'च्या पानावर. कॉफ 'ऑफ'च्या पानावर. थ्रू 'ब्लू'च्या, दो आणि ऑल्दो 'गो'च्या, प्लाउ 'नाउ'च्या. एका दिवशी एकच पान. दुसरं पान त्याच दिवशी उघडू नका, कितीही सोपं वाटलं तरी. 'एका तासात पन्नास शब्द' असले व्हिडिओ बघून आलेली मुलं इथेच चिडतात, आणि आठवड्याने तीच मुलं 'थ्रू' आणि 'दो' यांची अदलाबदल करतात.

दुसरी चूक भूतकाळी रूपांची, आणि ती महागात पडते. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला होता. आपण मुलांना इंग्रजी शिकवलं, असं तिला लिहायचं होतं. तिने लिहिलं, 'आय थॉट इंग्लिश टू चिल्ड्रन.' कॉम्प्युटरने लाल रेघ ओढली नाही, कारण 'थॉट' हा शब्द स्पेलिंगच्या दृष्टीने अचूकच होता. अर्ज तसाच गेला. मुलाखतीत सुरुवातच त्या वाक्यापासून झाली. ती इतकी गोंधळली की पुढची येत असलेली उत्तरंही तिला देता आली नाहीत. तिला 'टॉट' (शिकवलं) आणि 'थॉट' (विचार केला) यांतला फरक विचारला असता तर तिने झोपेतही सांगितला असता. पण ते दोन्ही शब्द तिने एकाच यादीत एकाखाली एक पाठ केले होते, आणि घाईत हात शेजारच्या शब्दावर गेला. मला त्या मुलीचं फार वाईट वाटलं, आणि तसली यादी हातात देणाऱ्यांचा रागही आला.

इथे मात्र धरून ठेवण्यासारखी एक खूण आहे. मूळ क्रियापद बघा. 'कॅच' आणि 'टीच' यांच्या स्पेलिंगमध्ये ए आहे, म्हणून कॉट आणि टॉट यांत ए-यू. ब्रिंग, बाय, थिंक, फाइट, सीक यांच्यात ए नाही, म्हणून त्यांच्या भूतकाळात ओ-यू. तसंच ब्रिंगमध्ये आर आहे, म्हणून ब्रॉटमध्येही आर राहतो. बायमध्ये तो नाही, म्हणून बॉटमध्येही नाही. 'विकत घेतलं' लिहायचं असताना 'आणलं' लिहून जाणारे इतके भेटतात, की मी मुलांना भूतकाळाचं रूप कधीच सुटं लिहू देत नाही. आधी मूळ क्रियापद, मग रूप, मग स्वतःच्या आयुष्यातलं एक खरं वाक्य. वेळ लागतो. लागू द्या.

ओ-यू-जी-एचनंतर शेवटी टी आला की उच्चार बहुतेक 'ऑट' होतो, पण 'ड्राउट' म्हणजे दुष्काळ हा ठळक अपवाद आहे. त्याला 'ड्रॉट' म्हणू नका.

खोकल्याच्या औषधाला आपण सर्रास 'कफ सिरप' म्हणतो, पण शब्द 'कॉफ' आहे.

'थ्रू' आणि 'थरो' यांत एका ओचा फरक आहे, आणि स्पेलचेक इथेही गप्प बसतो. कसून केलेल्या कामाबद्दल लिहिताना आर-च्या आधीचा ओ बोट ठेवून तपासा.

'थ्रू' टी-एच-आर-यू असं लिहिण्याचा शॉर्टकट मित्रांच्या मेसेजपुरता ठेवा. अर्जात किंवा परीक्षेत नको. 'प्लाउ' पी-एल-ओ-डब्ल्यू असं लिहिणं मात्र अमेरिकन इंग्रजीत पूर्ण बरोबर आहे, ते खोडू नका.

उचकीच्या 'हिकप'चं शेवटी ओ-यू-जी-एच असलेलं एक स्पेलिंगही सापडतं. खोकल्याच्या शब्दाशी नातं आहे असं समजून ते रूढ झालं, उच्चार मात्र 'हिकप'च राहिला. सरळ यू-पी लिहा.