बिलिंग सॉफ्टवेअर घेताय? आधी पासवर्ड परत मिळतील का ते विचारा

केबलचा धंदा करत करत नेटमध्ये उतरलेल्या, तालुक्याच्या गावी काही शे कनेक्शन सांभाळणाऱ्या माणसासाठी ही यादी आहे. डेमोला बसण्याआधी वाचा. डेमोत सगळंच गोड दिसतं.

पहिला प्रश्न किमतीचा नको. पहिला प्रश्न हा : उद्या तुमचं सॉफ्टवेअर सोडलं तर माझ्या ग्राहकांचे पीपीपीओई पासवर्ड (राउटर ज्याने लॉगिन करतो ते) मला जसेच्या तसे मिळतील का? मागच्या वेळी सॉफ्टवेअर बदललं तेव्हा मी एवढंच विचारलं नव्हतं. एक्सेल मिळालं, त्यात नाव, मोबाईल, प्लॅन, एक्स्पायरी सगळं होतं आणि पासवर्डच्या रकान्यात नुसत्या चांदण्या. तो पासवर्ड ग्राहकाच्या घरातल्या राउटरमध्ये बसलेला असतो, ग्राहकाला तो ठाऊक नसतो. नव्या सर्व्हरवर तोच नसेल तर लाईन बंद. मग पोरांनी घरोघर जायचं, शेतवस्तीवर चिखल तुडवत जायचं, घराला कुलूप असेल तर परत यायचं, आणि तोवर फोनवर शिव्या खायच्या.

‘एन्क्रिप्टेड आहे, देता येत नाही’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. तुमच्या मायक्रोटिकवर (ऑफिसातल्या मुख्य राउटरवर) चॅप (पासवर्ड उघडा न पाठवता लॉगिन करायची पद्धत) चालू असेल तर लॉगिन तपासायला सर्व्हरला मूळ पासवर्ड लागतोच, म्हणजे तो त्यांच्याकडे काढता येईल अशा रूपात असतोच. बऱ्याच सॉफ्टवेअरच्या पोटात फ्रीरेडियस (लॉगिन तपासणारा फुकटचा प्रोग्राम) असतं. त्यात ‘रॅडचेक’ नावाच्या टेबलात युजरनेम आणि पासवर्ड राहतात. त्या टेबलाची प्रत मागा, नाव घेऊन मागा. आधीच अडकला असाल तर एक वाट आहे : पीपीपीओई सर्व्हरवर काही दिवस फक्त पॅप (पासवर्ड उघडा पाठवणारी पद्धत) ठेवा आणि मध्ये स्वतःचं फ्रीरेडियस बसवा. घरचे राउटर बहुतेक ‘ऑटो’वर असतात, ते पॅपने लॉगिन करतात आणि पासवर्ड तुमच्याकडे उघडा येतो. हे काम रात्री करा, आधी एका ओएलटीवर (एका भागातल्या घरांच्या फायबर लाईनी जिथे जुळतात त्या यंत्रावर) करून बघा, आणि ती फाईल कुणाच्याही व्हॉट्सअॅपवर फिरू देऊ नका.

दुसरी गोष्ट, रेडियस सर्व्हर, म्हणजे लॉगिन तपासणारा सर्व्हर, कुठे बसणार. नुसता क्लाउडवर असेल आणि वरच्या कंपनीकडून तुमच्याकडे येणारी लाईन तुटली, तर नवं लॉगिन होत नाही. आपल्याकडे वीज जाते ती अख्ख्या फीडरची जाते. परत आली की शेकडो राउटर एकाच मिनिटात लॉगिन मागतात. त्या वेळी सर्व्हरने दम सोडला तर अर्धं गाव ‘नेट चालंना’ म्हणून फोन करतं. ऑफिसात एक दुय्यम रेडियस ठेवता येतो का ते विचारा. आणि ही चाचणी स्वतः घ्या : मुदत संपलेल्या एका ग्राहकाचं रिचार्ज रात्री अकराला मोबाईलवरून मारा. राउटर बंद-चालू न करता लाईन सुरू झाली पाहिजे. होत नसेल तर बहुधा सॉफ्टवेअरकडून मायक्रोटिकला 3799 पोर्टवर ‘लाईन सुरू कर’ असा संदेश जात नाही. ‘नंतर करून देऊ’ म्हणतील, नंतर कुणी करत नाही. डेमोतच करून घ्या.

वसुलीचं नीट बघा, कारण हे सॉफ्टवेअर बनवणारे बहुतेक मोठ्या शहरातले. त्यांच्या डोक्यात महिना भरला की पैसे आले, इतकंच असतं. धारूर, केज, वडवणीकडे दिवाळीच्या सुमारास माणसं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तोवर कनेक्शन ‘होल्ड’वर ठेवता आलं पाहिजे, बिल न चढता, आणि उरलेले दिवस परत आल्यावर मिळाले पाहिजेत. लातुरात नीटची परीक्षा झाली की पोरं रूम सोडतात. तोच ओएनयू (घरातला फायबरचा डबा) पुढच्या पोराच्या नावावर चढवणं दोन क्लिकचं काम हवं. अर्धे पैसे आता, बाकी सोयाबीन विकल्यावर, ही उधारी तारखेसकट नोंदवता यावी. वसुलीच्या पोराच्या मोबाईलला रेंज नसली तरी पावती फाटली पाहिजे. ऑनलाईन पैसे थेट तुमच्या खात्यात यावेत. आधी त्यांच्या खात्यात, मग तुमच्या, असं सांगणाऱ्याला नमस्कार करा.

जीएसटीची बिलं 18 टक्क्यांनी नीट निघतात का, हे तुमच्या सीएला दाखवा. फ्रँचायजी असाल तर बिल कुणाच्या नावाने निघायचं हे आधी वरच्या कंपनीशी ठरवा.

मेसेज. मराठीतला एसएमएस 70 अक्षरांत संपतो, इंग्रजी 160 पर्यंत जातो, म्हणजे मराठी मेसेजला दुप्पट-तिप्पट पैसे कापले जातात. ‘आपले रिचार्ज उद्या संपत आहे’ एवढंच पुरे. हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मेसेजचा ठरलेला मजकूर) डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमएस नोंदणी पोर्टलवर, तुमच्याच नावाने नोंदवा. सॉफ्टवेअरवाल्याच्या नावाने असलं तर सोडताना तेही जातं. पासवर्डसारखंच.

लॉग, म्हणजे कोण कधी कोणत्या आयपीवरून नेटवर होतं त्याची नोंद. इंटरनेटचा स्वतःचा परवाना असेल तर ही जबाबदारी तुमचीच. दूरसंचार विभागाने डिसेंबर 2021 मध्ये नोंदी ठेवायची मुदत एका वर्षावरून दोन वर्षं केली. पोलिसांचं पत्र येतं त्यात आयपी आणि वेळ असते. एका पब्लिक आयपीवर (बाहेरच्या नेटला दिसणाऱ्या पत्त्यावर) अनेक घरं असतील तर पोर्टशिवाय, म्हणजे त्या वेळच्या जोडणीच्या क्रमांकाशिवाय, माणूस सापडत नाही. तेव्हा सॉफ्टवेअर पोर्टसकट नोंद ठेवतं का बघा. मायक्रोटिकला एनटीपी (नेटवरून वेळ जुळवायची सोय) लावा, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की वेळ चुकते आणि चुकीच्या वेळेवर भलत्याच घरी पोलीस जातात.

आता दर. एकूण ग्राहकांवर आकारतात की चालू ग्राहकांवर, लेखी घ्या. होल्डवरच्यांचे पैसे लागतात का तेही.

करारात एक ओळ टाकूनच घ्या : मागितल्यापासून सात दिवसांत युजरनेम, उघडे पासवर्ड, मॅक बाइंडिंग (कोणत्या ग्राहकाला कोणतं यंत्र बांधलंय), स्टॅटिक आयपी (कायमचा ठरलेला आयपी), एक्स्पायरी, जमा-उधारी आणि लॉग सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या फाईलमध्ये), आणि केवायसीचे कागदही मिळतील, वेगळे पैसे न घेता. पैसे भरण्याआधी दहा खोटे ग्राहक टाका, स्वतः एक्सपोर्ट मारा, फाईल उघडा, पासवर्डचा रकाना वाचा. चांदण्या दिसल्या तर उठा.

बदल करायचा तो महिन्याच्या मध्यावर, वसुलीच्या गर्दीत नको. आधी एक ओएलटी, मग बाकीचे. जुन्या सॉफ्टवेअरचे पैसे लगेच थांबवू नका. त्यातले दोन वर्षांचे लॉग तुमच्या हार्डडिस्कवर उतरले, उघडून बघितले, की मग बंद करा.