कार्ड उघडत नाही? ‘फॉरमॅट’ दाबायच्या आधी हे करा

मे महिन्यात एक मुलगा ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या दुकानात आला. मुठीत ६४ जीबीचं एसडी कार्ड, त्यात बहिणीच्या हळदीचं सगळं शूटिंग. घरच्या लॅपटॉपवर जुनं उबुंटू होतं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स सिस्टीमचा एक प्रकार, आणि कार्ड लावलं की ‘अननोन फाइलसिस्टम टाइप एक्सफॅट’ एवढंच यायचं. दुसऱ्या एका दुकानात त्याला ‘कार्ड गेलंय’ म्हणून सांगितलं आणि फॉरमॅट मारून दिलं. कार्ड धडधाकट होतं हो! मी दोन रात्री फोटोरेक हे पुसलेल्या फाइली परत काढणारं सॉफ्टवेअर लावून बसले. फोटो बहुतेक मिळाले, फक्त फाइलींची नावं गेली. व्हिडिओ तुकड्यातुकड्यांत आला. हळद दळताना आजीने जात्यावर ओवी म्हटली होती, तो तुकडा काही उघडला नाही.

म्हणून हे लिहितेय. कार्ड उघडलं नाही तर पहिल्यांदा त्याच्या डाव्या कडेची बारकी पट्टी ‘लॉक’कडे सरकवा. आता चुकून काही दाबलं गेलं तरी कार्डावर सहसा काही लिहिलं जाणार नाही. मग कार्डावर काय छापलंय ते बघा. ‘एसडीएचसी’ म्हणजे ३२ जीबीपर्यंतचं, ते फॅट३२ या फाइल सिस्टीमचं, म्हणजे कार्डावर फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीचं, असतं आणि कुठेही उघडतं. ‘एसडीएक्ससी’ म्हणजे ३२ जीबीच्या वरचं. ते एक्सफॅट या दुसऱ्या फाइल सिस्टीमचं असतं, आणि गाडी अडते ती इथे.

का अडते? एक्सफॅट मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलं आणि त्यावर त्यांची पेटंटं आहेत. २००९ मध्ये एसडीएक्ससीचं मानक ठरलं, त्यात हीच फाइल सिस्टीम घेतली गेली. म्हणजे कार्ड बाजारात सगळीकडे, पण ते वाचणारा ड्रायव्हर लिनक्समध्ये घालायचा तर पेटंटची टांगती तलवार. भीती उगाच नव्हती. त्याच वर्षी फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने टॉमटॉम या डच कंपनीवर दावा लावला होता. त्यातली काही पेटंटं फॅटमधल्या लांब फाइल-नावांची होती. मार्चमध्ये तडजोड झाली, पण सगळ्यांनी धसका घेतला. फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराने त्या काळात एक्सफॅट आपल्या मूळ सॉफ्टवेअर-भांडारात ठेवलंच नाही. आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम ३(के)नुसार नुसत्या संगणक प्रोग्रॅमवर पेटंट मिळत नाही. पण लिनक्स बांधलं जातं ते साऱ्या जगासाठी, त्यामुळे परदेशातली अडचण ठाण्यातल्या लॅपटॉपवरही येते.

२८ ऑगस्ट २०१९ ला मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा तपशील खुला केला आणि ते लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, यायला पाठिंबा दिला. पेटंटं रद्द झाली नाहीत. ओपन इन्व्हेन्शन नेटवर्कच्या सदस्यांनी एकमेकांवर लिनक्ससाठी पेटंट न वापरण्याचा जो करार केलाय, त्याच्या छत्राखाली एक्सफॅट यावं, अशी ती व्यवस्था. कर्नल ५.४ मध्ये कच्चा ड्रायव्हर आला आणि २०२० मध्ये ५.७ बरोबर सॅमसंगने लिहिलेला पक्का.

तेव्हा तुमचं कर्नल कितवं आहे ते बघा. फोनवर सांगते तसंच सांगते: टर्मिनल उघडा, यू-एन-ए-एम-ई, मग स्पेस, मग डॅश आणि आर, सगळी अक्षरं लहान, आणि एंटर. ५.७ किंवा पुढचा आकडा आला तर ड्रायव्हर आत आहेच. तरीही कार्ड उघडत नसेल तर आधी कार्ड रीडर बदलून बघा. निम्म्या वेळा दोष त्याच्यातच निघतो. आकडा जुना असेल, समजा उबुंटू १८.०४ असेल, तर सिनॅप्टिक या सॉफ्टवेअर घालायच्या साधनात ‘एक्सफॅट-फ्यूज’ आणि ‘एक्सफॅट-यूटिल्स’ शोधून इन्स्टॉल करा. लॅपटॉप एकदा रीस्टार्ट केला की कार्ड उघडतं. जमलं तर सिस्टीमच नवी घाला, ते जास्त बरं.

पेनड्राइव्ह विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे फिरवायचा असेल तर तो एक्सफॅटच करा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ तेवढा सहज होतो. विंडोजची एनटीएफएस डिस्क लिनक्सवर नुसती वाचता येत असेल आणि लिहिता येत नसेल, तर बहुतेक वेळा विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असतं. ते बंद करा आणि विंडोज पूर्ण शटडाउन करा.

आणि कार्ड कधी ओढून काढू नका. एक्सफॅटला जर्नल नसतं, म्हणजे लिहिता लिहिता तुटलं तर कुठपर्यंत लिहून झालं होतं याची नोंद कुठेच राहत नाही. ‘इजेक्ट’ दाबा, पडद्यावरून कार्डाचं चिन्ह जाऊ द्या, रीडरचा दिवा लुकलुकायचा थांबू द्या, मग हात लावा.