मोबाईलवर जाहिरात, आठवडी बाजारात गिऱ्हाईक: या चुका टाळा

विदर्भातल्या तालुक्याच्या गावातल्या दुकानदारांच्या मोबाईल जाहिराती मी सांभाळतो. कृषी केंद्र, कापड, भांडी, दुचाकीचे स्पेअर पार्ट, एखादं सराफी दुकान. दर हंगामाला नवे लोक येतात आणि गाऱ्हाणं जुनंच असतं: "भाऊ, फेसबुकले पाच हजार देले, एक गिऱ्हाईक नाही आलं." मोबाईल हातात घेऊन सेटिंग उघडली की कारण बहुतेक वेळा समोरच असतं. जाहिरात लावणाऱ्यानं नकाशा पाहिलेला असतो, गिऱ्हाईक दुकानापर्यंत येतं कसं आणि कोणत्या दिवशी, हे पाहिलेलं नसतं.

मोठा गोल काढून मोकळं होणं

फेसबुक-इन्स्टाग्रामवर गावाचं नाव टाकलं की त्याच्याभोवती आपोआप गोल पडतो, साधारण ४० किलोमीटरचा. तो ८० पर्यंत वाढवता येतो. नवशिक्याचा हात लगेच तिकडे जातो, कारण खालचा माणसांचा आकडा फुगत जातो आणि तो पाहून बरं वाटतं. आता यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याभोवती ५० चा गोल काढून पाहा. पैनगंगा ओलांडून तेलंगणातलं आदिलाबाद आत येतं. आदिलाबादेत मराठी कळणारे पुष्कळ आहेत, भाषेची अडचण नाही. पण जिल्ह्याच्या ठिकाणी राहणारा माणूस हायवेनं वर येऊन तुमच्याकडून साडी कशाला घेईल? वरूडभोवती तेवढाच गोल काढला तर मध्य प्रदेशातलं पांढुर्णा आत. पैसे मात्र सगळ्या गोलाचे कटतात.

जिल्ह्याची हद्द धरून चालावं, तर तेही खोटं. ब्रह्मपुरी चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंज म्हणजे आपलं वडसा गडचिरोलीत, मध्ये वैनगंगा. पण पूल आहे, रेल्वे आहे, त्यामुळे दोन्हीकडचा माणूस दोन्हीकडे खरेदी करतो. उलट काही ठिकाणी नदीपलीकडचं गाव डोळ्यांनी दिसतं, नकाशावर चार किलोमीटर भरतं, आणि पावसाळ्यात रपट्यावरून, म्हणजे नदीतल्या बुटक्या पुलावरून, पाणी गेलं की वळसा तीस किलोमीटरचा. गोलाला नदी कळत नाही, रपटाही कळत नाही.

आपल्याकडचं अंतर एसटीनं आणि काळीपिवळीनं मोजायचं असतं. सकाळची गाडी ज्या गावांतून तुमच्या स्टँडवर येते आणि संध्याकाळी परत जाते, ती गावं तुमची. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तर ही गोष्ट आणखी पक्की झाली आहे. लुगडं, भांडं, पोरांचे कपडे यांची खरेदी करणारी बाई एसटीच्या रस्त्यावर आहे. ती कोणत्या गाडीनं येते हे ज्या दुकानदाराला सांगता येत नाही, त्यानं जाहिरातीचं बटण दाबूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी पद्धत एकच. दुकानदाराला मी उधारीची वही काढायला लावतो. तिच्यात नावापुढे गाव लिहिलेलं असतं. मागच्या हंगामाची पानं वाचत जायची आणि गावं एका कागदावर उतरवायची. मग नकाशावर त्या गावांवर एकेक पिन टाकून लहान लहान गोल काढायचे, पाच-सात किलोमीटरचे, आणि जे नको ते 'एक्स्क्लूड' करून बाहेर काढायचं. या कामाला तासभर लागतो. "एवढं कायले, भाऊ? अख्खा जिल्हा टाका ना!" असं म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही.

गुगलची 'इंटरेस्ट'वाली टिकली

गुगलवर जाहिरात लावताना 'लोकेशन ऑप्शन्स' नावाचा भाग असतो. तो बंद कप्प्यात असतो, उघडल्याशिवाय दिसत नाही. त्यात आधीपासून 'प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट' निवडलेलं असतं. म्हणजे तुमच्या भागात असलेले लोक तर धरलेच, शिवाय जगात कुठेही बसून त्या भागाबद्दल काही शोधणारेही धरले.

एका कृषी केंद्राचं उदाहरण सांगतो, यवतमाळ जिल्ह्यातलं. ऐन फवारणीचा काळ, बॅटरीवरच्या पंपाची जाहिरात. दुकानदाराच्या भाच्यानं नागपुरात बसून ती रात्रीतून लावली होती, भागात 'यवतमाळ' टाकून. फोन खणखणत होते, आणि म्हणूनच दुकानदार सुरुवातीला खूश होता. पण फोन कोणाचे? हिंजवडीतून: "डिलिव्हरी आहे का?" नागपुरातून: "होलसेल रेट काय?" ठाण्यातून कोणी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी माहिती मागत होतं. मी गल्ल्याजवळ बसून 'युजर लोकेशन'चा रिपोर्ट उघडला. क्लिक पुण्याचे, नागपूरचे, मुंबईचे. तालुक्याचं नाव यादीत पार खाली. तेवढ्यात एक शेतकरी आत आला. पायाला चिखल, खांद्यावर जुना हातपंप, त्याचा नळीचा जोड सुतळीनं बांधलेला. त्याला बॅटरीचाच पंप पाहिजे होता. दुकानदारानं विचारलं, "मोबाईलवर आपली जाहिरात पाह्यली का, काका?" काका म्हणाले, "कायची जाहिरात? म्या तं हा जोड तुटला म्हून आलो."

गाव दुकानापासून दहा किलोमीटरवर, खिशात स्मार्टफोन, गरज नेमकी त्याच वस्तूची. आणि त्याच्यापर्यंत सोडून बाकी सगळीकडे जाहिरात पोचली होती. आम्ही तिथंच नुसतं 'प्रेझेन्स' निवडलं, म्हणजे फक्त त्या भागात असलेले लोक. फोन एकदम कमी झाले आणि दुकानदार घाबरला. घाबरण्यासारखं काही नव्हतं. उरलेले फोन करणारे दुकानात येऊ शकत होते.

या प्रकरणात आणखी एक गोष्ट निघाली. पुण्याकडचे सगळे फोन फुकट नव्हते. एक चाकणला कंपनीत कामाला असलेला पोरगा होता, गाव याच तालुक्यातलं, त्याला बाबांसाठी पंप घ्यायचा होता. अशी पोरं भरपूर आहेत. घरातला खर्च तेच ठरवतात आणि पैसे फोनवरून पाठवतात. त्यांच्यासाठी वेगळी जाहिरात लावा, वेगळ्या शब्दांत: पैसे तिकडून पाठवा, पावतीचा फोटो तुमच्याकडे येईल, बाबा दुकानातून वस्तू घेऊन जातील. गावातल्या आणि गाव सोडून गेलेल्या गिऱ्हाईकाला एकाच जाहिरातीत कोंबलं की दोघंही हातचे जातात.

तीन दिवसांत बंद करणं

ही चूक पाहून जीव तळमळतो. बुधवारी जाहिरात सुरू केली, शुक्रवारी रात्री बंद केली, "काही झालं नाही" म्हणून. आणि त्या गावचा बाजार रविवारचा!

शहरातलं गिऱ्हाईक जाहिरात पाहून संध्याकाळी दुकानात जातं. आपलं गिऱ्हाईक जाहिरात पाहतं, त्याचा स्क्रीनशॉट काढतं, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतं, रात्री जेवताना त्याच्यावर बोलणं होतं, आणि बाजाराच्या दिवशी जे येतं ते तिसरंच कोणीतरी असतं. बहुतेक वेळा आई येते, पोरगा येतो, पोराच्या हातात मोबाईल. काउंटरवर मोबाईल पुढे करून सांगतात, "हे दाखवून राह्यले ना तुम्ही, हेच द्या." यात क्लिक कुठेच नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये शून्य दिसतं आणि दुकानात माल विकला जातो. म्हणून क्लिकच्या आकड्यावर जाहिरात जोखणं आपल्याकडे चुकीचं आहे, मग एजन्सीवाला कितीही रंगीत आलेख दाखवो.

मी गल्ल्याच्या बाजूला सुतळीनं एक वही टांगायला लावतो. तीन रकाने: तारीख, गाव, कुठून कळलं. विकत घेणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं आणि लिहायचं, गर्दी असली तरी. दुकानातलं पोरगं कंटाळा करतं, म्हणून मालकानं संध्याकाळी वही पाहिलीच पाहिजे. सोबत जाहिरातीत लहानसं काहीतरी ठेवावं, 'हा फोटो दाखवा, पंपाचं एक नोझल मोफत' असं. त्यामुळे माणूस स्वतःहून मोबाईल काढतो आणि नोंद चुकत नाही.

किमान दोन बाजार निघेपर्यंत जाहिरातीला हात लावू नका. सुरुवात बाजाराच्या दोन दिवस आधी करा, आणि खर्चाचा जोर संध्याकाळी सातनंतर ठेवा. दिवसभर माणूस वावरात असतो आणि उन्हाळ्यात दुपारी ४४-४५ अंशांत कोणी बाहेर निघत नाही.

बाजाराच्या दिवसाइतकाच पैशाचा हंगाम महत्त्वाचा. पश्चिम विदर्भात सोयाबीन ऑक्टोबरात विकलं जातं, कापसाचे पैसे वेच्यावेच्यानं पुढे येत राहतात. भंडारा-गोंदियाकडे धानावर सगळं अवलंबून. ऑगस्टमध्ये टीव्हीची जाहिरात लोक आवडीनं पाहतील आणि घेणार नाहीत, खिसा रिकामा असतो. तीच जाहिरात दिवाळीच्या आसपास चालते. पोळ्याची गोष्ट वेगळी. बैलांच्या झूल, मटाटी, घुंगरं, रंग यांची खरेदी शेतकरी उधार काढूनही करतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल, पोरांचे कपडे. त्यासाठी आदल्या बाजाराच्या आधी जाहिरात दिसली पाहिजे. पोळ्याच्या सकाळी लावून उपयोग नाही.

नकाशावरची पिन

पुष्कळांनी दुकानाची गुगल नोंद घरी पलंगावर बसून केलेली असते, त्यामुळे पिन घरावर पडते. गिऱ्हाईक ट्रॅक्टर घेऊन गल्लीत शिरतं आणि मागं वळता येत नाही म्हणून शिव्या देत बसतं. पिन दुकानाच्या दारात, उघड्या आभाळाखाली उभं राहून ठेवा. रस्त्यावरून पाटी दिसेल असा फोटो टाका. वर्णनात खूण लिहा: स्टँडसमोर, जुन्या जिनिंगला लागून. लोक पत्ता वाचत नाहीत, खूण विचारतात. नाव मराठीतही टाका, कारण २०१७ पासून गुगलला मराठी बोललेलं कळतं आणि टाइप करायला कंटाळणारा माणूस माइक दाबून सरळ "जवळचं कृषी केंद्र" म्हणतो. सुट्टीचा वार बरोबर लिहा. चाळीस किलोमीटर येऊन शटर बंद दिसलं की ते गिऱ्हाईक परत येत नाही.

"तुम्ही आमच्या दुकानाजवळ आहात"

ॲप बनवून देणारे हे फार विकतात: गिऱ्हाईक दुकानाच्या शंभर मीटरवर आलं की त्याच्या मोबाईलवर मेसेज. पुण्याच्या मॉलमध्ये चालत असेल. आपल्याकडे टॉवर दूर दूर, वायफाय नाही, अर्धे लोक बॅटरी वाचवायला लोकेशन बंद ठेवतात. अशा ठिकाणी फोनचा अंदाज शेकडो मीटर, कधी काही किलोमीटर चुकतो. अँड्रॉइडचा सल्लासुद्धा असा आहे की असा घेरा किमान १०० ते १५० मीटरचा ठेवा आणि वायफाय नसेल तिथं आणखी मोठा. त्यात अँड्रॉइड १२ पासून माणूस ॲपला फक्त ढोबळ ठिकाण देऊ शकतो, आणि १३ पासून त्यानं होकार दिल्याशिवाय नोटिफिकेशनच दिसत नाही. तालुक्याच्या दुकानानं यावर एक रुपया घालू नये.

आणि मेसेज समजा बरोबर वेळी पोचला, तरी वाचणाऱ्या बाईला काय वाटतं ते विचारा. "मी इथं हाव हे यायले कसं समजलं?" ती घाबरते, पोराला सांगते, पोरगा ॲप काढून टाकतो. 'आज बाजाराला आलात का? आमच्याकडे पण या' इतकंच लिहिलं तर कोणी बिचकत नाही. ठिकाण तुम्हाला माहीत असेल तर त्याचा उपयोग करा, ते बोलून दाखवू नका.

बाकीच्या, थोडक्यात

एसएमएस मोठा लिहू नका. देवनागरीत एका मेसेजला ७० अक्षरं मिळतात, इंग्रजीत १६०. वर गेलात की दुसऱ्या मेसेजचे पैसे.

स्वतःच्या दहा आकडी नंबरावरून ढिगानं जाहिरातीचे एसएमएस पाठवू नका. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१८ च्या नियमांनी डीएलटी (मोबाईल कंपन्यांची ऑनलाइन नोंदवही) नोंदणी, हेडर (मेसेज पाठवणाऱ्याचं ठरलेलं नाव) आणि मंजूर मजकूर लागतो. जाहिरातीची वेळ सकाळी १० ते रात्री ९.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला त्यालाच मेसेज जातो. म्हणून बिल देताना त्याच्या मोबाईलमध्ये नंबर सेव्ह करून द्या, विचारून. न विचारता बिलबुकातले नंबर उचलून यादी करणाऱ्यांना मी दोनदा समजावतो, तिसऱ्यांदा काम सोडतो.

'फ्लॅट डिस्काउंट, हरी अप' लिहू नका. वस्तू, भाव, गाव, बाजाराचा वार लिहा.