सी भाषेतील नेटवर्क-पत्त्यांची फंक्शन्स : कॉमेंटमध्ये काय लिहावे

सॉकेट प्रोग्रॅमिंगच्या जुन्या संचात इनेट_अ‍ॅडर आणि इनेट_नेटवर्क ही दोन फंक्शन्स शेजारी शेजारी नांदतात. (या लेखात सर्व नावे नागरीत, उच्चाराला धरून लिहिली आहेत.) दोघांचा प्रोटोटाइप (फंक्शन काय घेते आणि काय परत देते हे सांगणारी घोषणा) हुबेहूब सारखा आहे : एक स्ट्रिंग घ्यायची आणि ३२ बिटांचा पूर्णांक परत द्यायचा. मात्र ‘१०.०.०.१’ हा मजकूर दिला, की इनेट_नेटवर्क १६७७७२१६१ ही संख्या देते, तर नेहमीच्या इंटेल यंत्रावर इनेट_अ‍ॅडर १६७७७२२६ देते. इनेट_नेटवर्क यंत्राच्या स्वतःच्या बाइट-क्रमात (संख्येचे बाइट मेमरीत ज्या क्रमाने मांडले जातात त्या क्रमात) उत्तर देते आणि इनेट_अ‍ॅडर नेटवर्कच्या, एवढाच काय तो फरक. पण कंपायलरला त्यात काहीही वावगे दिसत नाही आणि प्रोटोटाइप कितीही निरखला तरी वाचणाऱ्याला तो कळत नाही. पत्ते हाताळणाऱ्या फंक्शनची कॉमेंट लिहिताना म्हणूनच प्रोटोटाइप जे सांगतो त्याची पुनरुक्ती न करता तो जे सांगू शकत नाही ते लिहावे. ‘आयपी पत्त्याचे रूपांतर करते’ असे वाक्य लिहून थांबणे म्हणजे फंक्शनचे नावच पुन्हा एकदा लिहिणे होय.

बाइट-क्रमापासून सुरुवात करावी. प्रत्येक पॅरामीटर आणि परतावा यांच्याविषयी तो नेटवर्क-क्रमात आहे की यंत्राच्या क्रमात, हे स्वतंत्रपणे लिहावे. ‘पोर्ट : पोर्ट क्रमांक’ ही ओळ निरुपयोगी आहे, ‘पोर्ट : यंत्राच्या बाइट-क्रमात, १ ते ६५५३५’ ही ओळ उपयोगाची आहे. यंत्राच्या क्रमातून नेटवर्क-क्रमात रूपांतर करणारे एचटोएनएस वापरायचे राहून गेले, की ८०८० हे पोर्ट ३६८९५ होऊन बसते. सर्व्हर चालू असल्याचे दिसते, पण जोडणी काही होत नाही. ‘बिग-एंडियन पूर्णांक’ (बिग-एंडियन म्हणजे सर्वाधिक किमतीचा बाइट आधी) असा शब्दप्रयोग शक्यतो टाळावा, कारण त्यातून बाइट उलटवलेला पूर्णांक अभिप्रेत आहे की मेमरीतील बाइटची मांडणी, हे स्पष्ट होत नाही. जेथे टाइपच ही गोष्ट सांगू शकतो, तेथे त्यालाच सांगू द्यावे. लिनक्स कर्नलमध्ये नेटवर्क-क्रमातील मूल्यांसाठी बीई१६ आणि बीई३२ असे वेगळे टाइप आहेत, आणि स्पार्स हे कोड तपासणारे साधन त्यांची साध्या पूर्णांकाशी झालेली सरमिसळ पकडते. असा टाइप असेल तर कॉमेंटमध्ये बाइट-क्रमाचा पुनरुच्चार करण्याची गरज उरत नाही.

यानंतरचा प्रश्न म्हणजे फंक्शन कोणता मजकूर स्वीकारते, आणि माझ्या मते सर्वाधिक हयगय येथेच होते. ‘वैध आयपीव्ही४ पत्ता’ असे आपण सहज लिहून जातो, पण वैध कोणाच्या मते? इनेट_एटोएन हे फंक्शन ‘१२७.१’ हा मजकूर १२७.०.०.१ म्हणून स्वीकारते, शून्याने सुरू होणारा भाग अष्टमान धरते आणि षोडशमान संख्याही चालवून घेते, त्यामुळे ‘०१०.०.०.१’ चा अर्थ त्याच्या लेखी ८.०.०.१ असा होतो. इनेट_पीटोएनला मात्र चारही भाग दशमानातच हवे असतात. एका ठिकाणी पहिल्या फंक्शनने तपासणी करून दुसऱ्या ठिकाणी वेगळ्या नियमाने वाचन केले, तर प्रवेश-नियंत्रणाच्या यादीला भगदाड पडू शकते. पत्त्याच्या पुढे येणाऱ्या मजकुराचेही असेच आहे. ग्लिबसी या लिनक्सवरील सी लायब्ररीमध्ये गेटअ‍ॅड्रइन्फो हे नावावरून किंवा मजकुरावरून पत्ते देणारे फंक्शन पत्त्यानंतर रिकामी जागा देऊन पुढे काहीही लिहिले तरी तो पत्ता मान्य करत असे; या दोषाला सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१६-१०७३९ असा क्रमांक मिळाला आणि पुढे तो दुरुस्त झाला. तेव्हा आपल्या फंक्शनच्या कॉमेंटमध्ये स्वीकारल्या जाणाऱ्या दोन-तीन मजकुरांबरोबर नाकारल्या जाणाऱ्या दोन-तीन मजकुरांची उदाहरणेही द्यावीत. आयपीव्ही६ असल्यास आणखी दोन गोष्टींचा खुलासा करावा : ‘एफई८०::१%इथ०’ यासारखा, टक्क्याच्या चिन्हापुढे इंटरफेसचे नाव असलेला पत्ता चालतो का, आणि ‘::एफएफएफएफ:१९२.०.२.१’ हा पत्ता आयपीव्ही६ म्हणूनच राहतो की आयपीव्ही४ मध्ये बदलून मिळतो. इनेट_पीटोएन टक्क्याचे चिन्ह स्वीकारत नाही, गेटअ‍ॅड्रइन्फो स्वीकारते.

परताव्याच्या बाबतीत या फंक्शन्समध्ये एकवाक्यता नाही. इनेट_पीटोएन यशस्वी झाले तर १ देते, मजकूर अमान्य असेल तर ० देते, आणि पत्त्याचे कुटुंबच (आयपीव्ही४, आयपीव्ही६ असा प्रकार) माहीत नसेल तर उणे १ देऊन एर्नो (त्रुटीचा संकेतांक ठेवणारे चल) भरते. त्यामुळे परतावा शून्येतर आहे एवढेच तपासणारा प्रोग्रॅमर उणे १ लाही यश समजतो. गेटअ‍ॅड्रइन्फोचा नियम नेमका उलटा : ० म्हणजे यश, आणि अपयशाचा संकेत एर्नोमधून न येता वेगळ्याच संकेतांकांतून येतो, ज्यांचा अर्थ गाई_स्ट्रएरर हे फंक्शन सांगते. इनेट_अ‍ॅडरने तर चुकीसाठी निवडलेले मूल्य २५५.२५५.२५५.२५५ या खऱ्याखुऱ्या पत्त्याशी जुळते. म्हणून ‘अपयश आल्यास त्रुटी परत देते’ असे मोघम न लिहिता प्रत्येक शक्य मूल्य आणि त्याचे कारण लिहावे, आणि अपयशाच्या वेळी आउट-पॅरामीटरला (ज्यात फंक्शन निकाल लिहून देते त्याला) हात लागतो की नाही, हेही नोंदवावे. ही शेवटची बाब बहुतेक जण विसरतात.

मेमरीबाबत कॉमेंटने दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत : किती जागा लागते आणि ती कोणाच्या मालकीची असते. पत्त्याचा मजकूर बनवणारे इनेट_एनटोए आपल्या अंतर्गत स्थिर बफरचा पॉइंटर देते, आणि पुढच्या कॉलमध्ये तोच बफर पुन्हा लिहिला जातो. एकाच प्रिंटएफमध्ये उगम आणि गंतव्य असे दोन पत्ते त्याच्याकरवी छापले, की लॉगमध्ये दोन्हीकडे एकच पत्ता उमटतो. त्यातला कोणता, हे आर्ग्युमेंटच्या मूल्यमापनाच्या क्रमावर अवलंबून असते. असा लॉग पाहून नेटवर्कच्या तारा तपासत बसलेली माणसे मी पाहिली आहेत. तेच काम करणारे इनेट_एनटोपी बफर कॉल करणाऱ्याकडूनच घेते. आयपीव्ही४ साठी तो १६ बाइटचा आणि आयपीव्ही६ साठी ४६ बाइटचा लागतो, आणि या दोन्ही आकड्यांत शेवटचा शून्य-बाइट धरलेला आहे. कॉमेंटमध्ये मात्र आकडा न लिहिता हेडरमधील स्थिरांकाचे नाव लिहावे. गेटअ‍ॅड्रइन्फोने दिलेली यादी फ्रीअ‍ॅड्रइन्फोने मोकळी करावी लागते. तुमचे फंक्शन त्या यादीतील पॉइंटर पुढे देत असेल, तर तो कोणत्या क्षणापर्यंत वैध आहे, हे लिहिल्याशिवाय कॉमेंट पूर्ण होत नाही.

मांडणीचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. सार्वजनिक फंक्शनच्या कॉमेंटची जागा प्रकल्पाच्या रिवाजाप्रमाणे ठरवावी. डॉक्सिजन (कॉमेंटमधून दस्तऐवज तयार करणारे साधन) वापरत असाल तर हेडर फाइल सोयीची, कर्नलमध्ये मात्र ती सहसा फंक्शनच्या व्याख्येच्या वर लिहितात. नमुना म्हणून कर्नलच्या नेट विभागातील इन४_पीटोएनची कॉमेंट वाचण्यासारखी आहे. लांबीच्या जागी उणे १ दिल्यास स्ट्रिंगची लांबी फंक्शन स्वतः मोजते, विभाजक चिन्हाच्या जागी उणे १ म्हणजे विभाजक नाही, निकाल चार बाइटच्या अ‍ॅरेत मिळतो आणि वाचन जेथे थांबले तेथील पॉइंटरही परत मिळतो, या चारही गोष्टी तिच्यात मोजक्या शब्दांत आल्या आहेत.

आता स्वतःचे एक उदाहरण घेऊ. पत्ता आणि प्रिफिक्स (पत्त्यातील नेटवर्क दर्शवणारे सुरुवातीचे बिट) एकत्र वाचणाऱ्या सायडर_वाचा या कल्पित फंक्शनची कॉमेंट मी अशी लिहीन :

सायडर_वाचा : ‘१९२.०.२.०/२४’ अशा मजकुरातून आयपीव्ही४ पत्ता आणि प्रिफिक्सची लांबी वेगळी करते.
मजकूर : शून्य-बाइटने संपणारी स्ट्रिंग, नल पॉइंटर चालत नाही. चार दशमान भाग आणि तिरकी रेघ आवश्यक. रिकामी जागा किंवा शून्याने सुरू होणारा एकाहून अधिक अंकी भाग आढळल्यास मजकूर अमान्य.
पत्ता : आउट, नेटवर्क बाइट-क्रमात. प्रिफिक्सबाहेरचे बिट जसेच्या तसे राहतात.
लांबी : आउट; ० ते ३२, दोन्ही धरून.
परतावा : यश आल्यास ०, मजकूर अमान्य असल्यास उणे १. अपयश आल्यास पत्ता आणि लांबी बदलत नाहीत. एर्नोही बदलत नाही.
संदर्भ : सामायिक स्थिती वापरत नाही, अनेक थ्रेडमधून एकाच वेळी कॉल करता येते.

यातील ‘जसेच्या तसे राहतात’ हे शब्द क्षुल्लक वाटतील, पण ‘१९२.०.२.७/२४’ दिल्यावर शेवटचा ७ टिकतो की पुसला जातो, यावर पुढची तुलना बरोबर ठरते की चूक, हे अवलंबून आहे. ‘० ते ३२, दोन्ही धरून’ यामागेही कारण आहे. प्रिफिक्स ० असताना मास्क (प्रिफिक्सच्या बिटांच्या जागी १ असलेली संख्या) काढण्यासाठी ३२ बिटांची संख्या ३२ घरे सरकवणे सी भाषेच्या नियमानुसार अव्याख्यायित वर्तन आहे. इंटेल यंत्रावर ते पुष्कळदा शून्य घरे सरकवण्यासारखे ठरते आणि सर्व पत्त्यांऐवजी एकाच पत्त्याचा मास्क हाती येतो. ० मान्य असल्याचे कॉमेंट स्पष्ट सांगत असेल, तर ही बाजू हाताळण्याची जबाबदारी टळत नाही. बहुतेक प्रकल्पांत ही कॉमेंट इंग्रजीत लिहावी लागेल, हे खरे. मजकूर मात्र हाच राहील.

उदाहरणांसाठी पत्ते निवडताना ८.८.८.८ किंवा आपल्या कार्यालयातील सर्व्हरचा पत्ता घेऊ नये, कारण कॉमेंटमधला पत्ता कोणीतरी नक्कल करून खऱ्या कॉन्फिगरेशनमध्ये डकवतोच. दस्तऐवजांसाठी १९२.०.२.०/२४, १९८.५१.१००.०/२४ आणि २०३.०.११३.०/२४ हे तीन पट्टे २०१० साली आरएफसी (इंटरनेटविषयक दस्तऐवजांची मालिका) ५७३७ ने राखून ठेवले आहेत, आणि आयपीव्ही६ साठी २००१:डीबी८::/३२ हा पट्टा आरएफसी ३८४९ ने.

लिहिलेली कॉमेंट तपासण्याचे काम काही अंशी यंत्रावर सोपवता येते. कर्नलमधील कॉमेंट वाचणारी कर्नल-डॉकची स्क्रिप्ट ‘नन’ या पर्यायासह चालवली, की कोणत्या पॅरामीटरचे वर्णन राहिले, हे ती सांगते. डॉक्सिजनमध्ये त्यासाठी वॉर्न_नो_पॅरमडॉक हा पर्याय चालू करावा आणि एक्स्ट्रॅक्ट_ऑल बंद ठेवावा, अन्यथा कॉमेंटच नसलेल्या फंक्शन्सविषयीच्या सूचना येत नाहीत. लिहिलेले खरे आहे की नाही, हे मात्र यातले कोणतेही साधन सांगत नाही. त्यासाठी कॉमेंटमधील प्रत्येक विधानाची एक चाचणी लिहावी : ‘१९२.०.२.०/०’ आणि ‘१९२.०.२.०/३२’ स्वीकारले जातात, ‘/३३’ नाकारले जाते, ‘०१०.०.०.१/८’ नाकारले जाते, आणि नाकारल्यानंतर आउट-पॅरामीटरमध्ये आधी भरलेली खूण तशीच सापडते. ज्या विधानाची चाचणी लिहिता येत नाही, ते बहुधा मोघम असते. ते कॉमेंटमध्ये पुन्हा लिहावे आणि मग चाचणीकडे वळावे.